येळवसेची आळणी कोशिंबीर

रुद्रम्मा आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि भावाच्या घरी आली, ती तिथंच राहिली. घरात तिचं म्हणावं असं एकच काम होतं, येळवसेची कोशिंबीर. एरवी आमच्या सासूबाई चुलीपुढं कुणाला फिरकू द्यायच्या न्हाईत, पण कोशिंबीर मात्र आत्यानंच करायची.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या लोहाऱ्याकडं गावात चिटपाखरू राहत न्हाय. जो तो आपल्या शेतात, कडब्याच्या खोपीपुढं जेवायला. वाटेनं जाईल त्याला हाक मारून बसवायचं. आमच्यात चाळीस पानं तरी सहज उठायची. म्हणून सगळं आदल्या दिवशीच करून ठेवावं लागायचं. आता चिरलेली कोशिंबीर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकती होय? पाणी होतं तिचं. आत्याच्या हातची होत नसे. नव्या मडक्यात ती थर लावायची. तळाला मुळ्या-गाजराचे काप, त्यावर सोललेला ओला हरभरा, मग कांद्याची पात, मेथी, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, कारळाचं कूट, आणि वर चार बोटं घट्ट दही. झाकायचं आणि हलवायचं न्हाय. मीठ तर अजिबात न्हाय. मीठ लागलं की भाजी रडायला लागती, म्हणायची. शेतात परातीत उपडं करायचं, कालवायचं आणि वाढताना मीठ टाकायचं.

तेव्हा निजामाची मोगलाई होती. रझाकारांचा दंगा अजून आठ-दहा वर्षं लांब होता. आमच्या घरात मात्र त्याच्या आधीच आग लागली होती. मामंजी धोंडप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ शरणबसप्पा यांच्यात वाटणी झाली. कागद उर्दूत, दोघांनाही वाचता येत न्हाय. चिठ्ठ्या टाकल्या आणि विहीर धाकट्याकडं गेली. मामंजींच्या डोक्यात बसलं की आपल्याला फसवलं. चावडीपुढं शपथ घेतली, शरणूच्या घरचं मीठ जिभेला लावणार न्हाय, आणि माझ्या घरचा जो बांध ओलांडंल त्यानं माघारी यायचं न्हाय. बाप्ये असेच. बोलून मोकळे होतात आणि निस्तरायचं बायकांनी.

पुढच्याच वर्षी शरणबसप्पांना मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, आणि बायकांचे पाठीत धपाटे खायचे असतात. एवढाच एक मान असतो बाईला माहेरी. त्या दिवशी पलीकडं पाळणा म्हणत होते आणि रुद्रम्मा आत्या आमच्याकडं जात्यावर बसून दळत होती. नाव शेजारणीनं सांगितलं, गौरम्मा. पाच वर्षं आत्यानं ती पोर बांधाच्या अलीकडूनच बघितली. मला तिची लई कीव यायची, पण नव्या सुनेला कोण विचारतंय.

पाचव्या साली पाऊस कमी झाला. आमच्या वाट्यात ज्वारी आणि हरभरा सोडला तर हिरवं पान न्हाय. येळवसेच्या आदल्या दिवशी आत्या मला हरभऱ्याचे शेंडे खुडायला म्हणून शेतात घेऊन गेली. बघते तर बांधावर फडक्यानं झाकलेली दुरडी! पलीकडं धाकट्या सासूबाई, महानंदा, पाठ फिरवून निघून चालल्या होत्या. आत्यानं पाय आमच्याच शेतात ठेवले, वाकली आणि दुरडी उचलली. आत मुळे, गाजरं, पात, मेथी.

मामंजींना कळलं तर घराबाहेर काढतील, मी आत्याला म्हणाले. ती म्हणाली, कळणारच हाय, मीच सांगणार हाय, तू फक्त आजची रात्र तोंड मिटून बस. तोंड मिटून बसायचं, आणि ते मला सांगत होती! पण बसले. तिनं एकेक थर लावला, वर दही ओतलं, आणि धाकट्याचा सगळा मळा त्या दह्याखाली दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. परातीत कोशिंबीर कालवली. मी मिठाची वाटी घेऊन आले, तर आत्यानं माझं मनगट धरलं. राहू दे म्हणाली आणि तशीच वाढत सुटली. मला वाटलं, म्हातारीला चळ लागला.

मामंजींनी एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आळणी हाय, म्हणाले. तशी आत्या त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"धोंडप्पा, ही भाजी शरणूच्या मळ्यातली हाय. हिला चूल लागली न्हाय, मीठ लागलं न्हाय. मग ती त्याच्या घरची कशी? आपल्या बापाच्या शेतातली हाय. तुझी शपथ म्या मोडली न्हाय. तरी काढायचं असंल तर मला आजच काढ."

या वयात ती कुठं जाणार होती, सांगा. मामंजींनी बांधापलीकडच्या खोपीकडं बघितलं.

"अक्का," ते म्हणाले, "मला आळणी खाववंना. जा, शरणूच्या खोपीतनं मीठ आण."

मीठ तर माझ्याच हातात होतं. एरवी मी बोललेच असते. पण म्या ती वाटी हळूच पदराखाली घेतली.

गुडघे धरून चालणारी आत्या, पण त्या दिवशी बांध कसा ओलांडला ते तिलाच ठाऊक. बऱ्याच वेळानं आली. पाच वर्षांची थोराड पोर कडेवर, आणि आत्या तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगत होती. पोर हसत तिच्या पाठीत धपाधपा मारत होती. जवळ आल्यावर मामंजींनी विचारलं, मीठ कुठाय?

आत्या मीठ विसरली होती.

मामंजी गुडघ्यांवर हात टेकून उठले, धोतर झटकलं आणि स्वतःच बांधाकडं चालायला लागले. आमी चाळीस माणसं आळणी कोशिंबीर पुढ्यात घेऊन मिठाची वाट बघत बसलो, आणि वाटी माझ्या पदराखालीच होती.