सूज आहे तर आहे कुठे?

"यांच्या अंगात सूज आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मी तिथंच वाकून कुंदाचे पाय पाहिले. पाय तर चांगले होते.

कुंदा माझी बायको. तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो संपून तीन महिने झाले. गाठ गेली होती. तरी ही बाई चार भांडी घासली की भिंतीला टेकायची. रात्रभर झोपून सकाळी तशीच. मला वाटायचं, कॅन्सर परत आला अन् ही लपवून राहिली. विचारलं तर म्हणायची, "मलेच समजून नाई राहिलं."

म्हणून अर्जुनी मोरगावहून नागपूर गाठलं. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक. सीआरपी म्हणून रक्ताची एक तपासणी असते, ती वाढलेली. डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणाले, मग माझा चेहरा पाहून सूज म्हणाले. कॅन्सर परत आल्याचं काही दिसत नाही, असंही म्हणाले. पण मला सूज तेवढी ऐकू आली. मागे रांग होती. मी मान डोलावली आणि उठलो. घोटाळा इथंच झाला.

माझी पिठाची गिरणी आहे. दाणा चिमटीत दाबला की ओला की सुका ते मला कळतं. म्हणून रोज सकाळी मी कुंदाची नडगी अंगठ्यानं दाबून पाहू लागलो, खड्डा पडतो का ते. मग घोटे, मग हात. खड्डा कुठंच पडेना. आता बोला! माझ्या आईचे पाय सुजायचे तेव्हा तिचं मीठ बंद केलं होतं, तसं हिचंही केलं. अळणी वरण, अळणी भाजी. वरून उठायचं नाही, पडून राहायचं. ती मुकाट्यानं खायची. मला वाटायचं, मी केवढी सेवा करून राहिलो.

तीन आठवड्यांत ती आणखी खचली. एका सकाळी न्हाणीतून येताना उंबरठ्यावर बसली ती उठेचना. मी घाबरलो, साफ घाबरलो. गाडी करून पुन्हा नागपूर.

या वेळी सोडियम उतरलेलं निघालं. सोडियम म्हणजे रक्तातलं मीठ. जेवणातलं मीठ कोणी बंद केलं का, डॉक्टरांनी विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं. ते चिडले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले.

"भाऊ, ही सूज पायावरची नाही. आजाराशी, औषधांशी झगडताना शरीर काही रसायनं सोडतं. ती मेंदूला सांगतात, आडवा हो. तापात अंग गळतं ना, तसं. आजार आटोक्यात आला तरी कोणाकोणात ते सुरूच राहतं. हा थकवा खरा आहे, आळस नाही. मीठ द्या, आणि रोज थोडं चालवा."

कधी जाईल, मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही.

थकलेल्या माणसाला चालवायचं, हे माझ्या डोक्यात अजूनही नीट शिरलेलं नाही. पण आम्ही तलावाच्या पाळीपर्यंत, त्या मातीच्या बांधापर्यंत जातो. कधी ती अर्ध्यातून परत फिरते, कधी पाळीवर जरा वेळ बसते. तुमच्या घरी कोणी असं थकून बसलं असेल तर त्याला आळशी म्हणू नका. आणि डॉक्टरांचा शब्द कळला नाही तर माझ्यासारखी मान डोलावू नका. विचारा. मागची रांग थांबते.

त्या दुसऱ्या खेपेला नागपूरहून घरी आल्यावर मी नडगी दाबणं सोडून दिलं. चार दिवसांनी सकाळी कुंदानं आपणच पाय पुढे केला. आता कायले, मी म्हटलं, सूज तिथं नाहीच.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "पण ऑपरेशन झाल्यापासून तुमी तेवढाच तर हात लावत होते."

मी तिचा पाय मांडीवर घेतला.