आक्काच्या खोलीतला एसी

महाडच्या एका दुकानदाराने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. एसी मी विकत घेतला, पण फसवणूक तिची झाली.

आक्काचं घर महाडला, नदीकडच्या आळीत. पुरानंतर ते राहण्याजोगं उरलं नाही, म्हणून ती पोलादपूरला माझ्याकडे आली. हायवेला माझी खानावळ आहे. तिथली शेगडीपासून फ्रीजपर्यंतची प्रत्येक वस्तू मी स्वतः भाव पाडून आणलेली आहे. आक्काला दमा. खिडकी उघडली की हायवेची धूळ, मिटली की उन्हाळ्यात जीव नकोसा. तिच्या खोलीत एसी लावायचा मी ठरवलं.

हा दुकानदार तिच्याच आळीतला. पाणी चढलं तेव्हा तो बायकोमुलांना घेऊन आक्काच्या माळ्यावर येऊन बसला होता. तिच्या डब्यातले पोहे सगळ्यांनी मिळून खाल्ले होते. त्यामुळे मी दुसरीकडे गेलेच नाही. त्याने एक एसी दाखवला. दुकानात नुसता मांडून ठेवलेला, एकदाही न वापरलेला, म्हणून स्वस्त, असं म्हणाला. तरी मी भावासाठी भांडले. उठून पायऱ्या उतरले, त्याने परत बोलावलं. भाव माझ्या मनासारखा झाला आणि मी खुशीत घरी आले.

एसी चालू करून थोडा वेळ झाला की खोलीत कुबट वास यायचा. मेकॅनिकने जाळी धुतली, पाण्याच्या पाइपला उतार दिला, फवारा मारला. दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. मी धूप घातला, कापूर ठेवला, पाल मेली असेल म्हणून कपाटं सरकवली. तेवढ्यात आक्काने अंथरूण ओटीवर नेलं. गार हवेने गुडघे दुखतात, म्हणाली. तिथे धुळीत रात्रभर खोकत राहायची. माझं डोकं फिरलं. कोणासाठी एवढी भांडून आणली ही वस्तू, असं मी तिला फाडकन बोलले.

ती अंथरुणावर उठून बसली. मग म्हणाली, "तुला कसं सांगू गो. त्यातनं पुराचा वास येतो. डोळं मिटलं की पाणी जिना चढताना दिसतं."

तिच्या मनाचे खेळ, असं मला वाटलं. तरी मेकॅनिकला बोलावून अख्खा एसी खाली काढायला लावला. पुढून सगळं चकचकीत होतं. मागे, जिथे फडकं पोचत नाही तिथे, पंख्याच्या नळकांड्यात आणि जाळीमागे बारीक गाळ बसलेला. गार होताना सुटणाऱ्या पाण्याने तो पुन्हा ओला झाला होता. मी वाकून वास घेतला. आक्काच्या घरातला चिखल उपसला तेव्हा हाच वास माझ्या केसांतून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी महाड गाठलं. तो जराही चपापला नाही. माल बुडाला होता, धुतला, उन्हात वाळवला, आतलं सर्किटचं कार्ड बदललं, असं सरळ सांगून मोकळा झाला.

"नव्याचा भाव द्यायला तुम्ही कुठे तयार होता? भाव तुम्हीच पाडलात," तो म्हणाला.

तोंडाला तोंड देण्यात मी कधी मागे हटलेली नाही. पण तिथून मी तशीच माघारी आले. भाव मी पाडला, उद्याही पाडेन. पुरातला आहे एवढं तो बोलला असता तर मी तो एसी तिच्या खोलीत कधीच लावला नसता. कोणासाठी घेते आहे हे त्याला मी सांगितलं होतं. "आक्काच्या खोलीत? मग मी स्वतः उभा राहून बसवून घेतो," असं म्हणाला होता, आणि खरंच आला होता. तिच्या उशाकडची भिंत त्यानेच निवडली. तिच्या हातचा चहा पिऊन गेला. जो वास त्याने तिच्याच माळ्यावर बसून सोसला, तो त्याने तिच्या उशाशी टांगला.

एसी परत नेतो, असे निरोप तो आता पाठवतो. मी देत नाही. माझ्याशी त्याने बोलूच नये. आक्का अजून त्याच्या मुलांची चौकशी करते, तिला मी काही सांगितलेलं नाही. त्याने पोलादपूरला यावं, तिच्यासमोर बसावं आणि हे असं का केलं ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं.