हिंदुरावांच्या बाटलीतल्या मुंग्या

नूरबानूबाईंच्या लुनाचा आवाज अख्ख्या येरवड्याला पाठ होता. क्षयाचे रोगी औषध पुरं करतात की मध्येच सोडतात, यावर आमच्या संशोधन केंद्राचा अभ्यास चालला होता, आणि न सांगता घरी जाऊन थडकणं हे बाईंचं काम. पण न सांगता कसलं कपाळ! लुना कोपऱ्यावर फटफटली की लोक खुंटीवरचा शर्ट चढवून आजारी चेहरा करून बसत. नवी लुना मागा म्हणून मी दहादा सांगितलं. बाई म्हणायच्या, "तुम्ही प्रयोगशाळेत बसून बाटल्या हुंगा. गाडीचं मी बघते."

तर बाटल्यांचंच सांगतो. क्षयाच्या गोळ्यांतल्या एकीनं लघवी केशरी होते. कोण गोळ्या गिळतो आणि कोण मोरीत टाकतो, ते आम्हाला त्यावरून कळायचं.

हिंदुराव हा जुना पैलवान. शेतावर इमारती उभ्या राहिल्या तरी मिशीचा पीळ तसाच. पहिले तीन महिने त्यानं गोळ्या नेमानं घेतल्या. मग खोकला थांबला, वजन वाढलं आणि गडी स्वतःच डॉक्टर झाला. त्यातच सून प्रेमला माहेरी बाळंत झाली, मुलगी झाली. हिंदुरावानं गल्लीभर जिलब्या वाटल्या. बाळ तीन महिन्यांनी घरी यायचं होतं, आणि ह्याला त्याआधीच सगळं विसरून मोकळं व्हायचं होतं.

त्याच आठवड्यात त्याची बाटली माझ्या टेबलावर आली. रंग असा झकास केशरी, की मी मनातल्या मनात शाबासकीच दिली. चहा पिऊन परत येतो तर बाटलीला मुंग्यांची रांग!

नूरबानूबाईंना दाखवलं. त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग मुंग्यांसकट बाटली पिशवीत घालून निघाल्या. मीही मागे बसलो. असला तमाशा कोण सोडतो?

हिंदुराव ओसरीवर एकटाच होता. बाईंनी बाटली त्याच्यापुढे ठेवली.

"पाटील, क्षय होताच, आता मधुमेहही निघाला. मुंग्या लागल्या म्हणजे आकडा फार वरचा. आजपासून भात बंद, गोड बंद. पोटात रोज दोन सुया."

"सुया?" पैलवान पांढराफटक पडला. "बाई, त्यो जिलबीचा पाक हाय. मीच घातला. गोळ्यांनी लई जळजळतं पोटात."

मला हसू आवरेना. बाईंचं हसू मात्र कुठच्या कुठे गेलं होतं.

"मग ते मला सांगायचं होतं. जळजळीवर इलाज आहे. औषध अर्ध्यावर सोडलंत तर रोग परत उठेल, आणि पुढच्या खेपेला ह्याच गोळ्यांना जुमानणार नाही. तेव्हा तुम्ही खोकाल ते त्या तान्ह्या पोरीच्या तोंडावर. मी प्रेमलाला माहेरीच राहा म्हणून सांगू का?"

हिंदुराव उठला. मग आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. बाईंच्या समोर गोळ्या गिळल्या आणि न सांगता आ करून जीभ दाखवली. पुढे रोज सकाळी हेच. लुनाचा आवाज आला की पठ्ठ्या तांब्या घेऊन फाटकात उभा. एकही दिवस चुकला नाही. खोटं कशाला सांगू, त्या माणसाचा मला अभिमान वाटायला लागला होता.

तीन महिन्यांनी औषध संपलं, थुंकीची तपासणी स्वच्छ आली. निकाल सांगायला आम्ही दोघं गेलो, तर प्रेमला आदल्याच दिवशी आलेली. घरात बाळ असूनही हिंदुराव ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला बसला होता. त्यानं अजून पोरीला हात लावला नव्हता.

"घ्या आता," बाई म्हणाल्या.

प्रेमलानं पोर त्याच्या मांडीवर दिली. पोरीनं आजोबाकडे नीट बघून घेतलं आणि त्याचं पांढरंशुभ्र धोतर भिजवलं.

हिंदुराव जागचा हलला नाही. डोळ्यांतलं पाणीही त्यानं पुसलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "ह्यो नमुना लिवून घ्या. ह्यात पाक न्हाई."