कोरडी पाठ

मी म्हातारीची पाठ पुसून कोरडी केली. पावडर लावली, तिला कुशीवर वळवलं, मागे उशी दिली. तेवढ्यात भाटकारीण, म्हातारीची सून, तांब्या घेऊन आली. तांब्यात तुळशीचं पान. मला तिने हातानेच बाजूला व्हायची खूण केली, तोंडाने नाही. मग त्या पानाने पाणी शिंपडलं. म्हातारीच्या डोक्यावर, पाठीवर, मी नुकत्याच घातलेल्या चादरीवर. जिथे जिथे माझा हात लागला होता तिथे तिथे.

त्या दिवशी भाटकाराची बहीण पुण्याहून आली होती. खुर्चीत बसून चहा पीत हे सगळं बघत होती. तिने मला विचारलं, "बारावी झालीस ना? पुढे काय करणार?"

मी म्हटलं, "नर्सिंग."

भाटकारीण हसली. "घाण काडूक शिकूक कित्याक व्हया गो? तुझी आवस खंय शिकली हुती?"

माझ्या आईचं नाव निघताच पाहुणीही हसली. चहा सांडेल म्हणून तिने कप खाली ठेवला. मी बेडपॅन उचलला आणि मागच्या दाराने बाहेर पडले. नळाखाली तो धूत होते तेव्हा आतून म्हातारीचा आवाज येत होता. "बाय, थंडी लागता गो." चादर बदलायला मला परत आत जाता येत नव्हतं. एकदा पाणी शिंपडलं की संध्याकाळपर्यंत मी तिला शिवायचं नाही, असा नियम होता.

गोव्यात पेडण्याकडचा आमचा गाव. आम्ही महार. इकडे आमचं काम बांबूची सुपं, रोवळ्या, टोपल्या विणायचं. घराच्या भिंती आमच्या, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. आमच्याकडे अशा माणसाला मुंडकार म्हणतात. भाटकाराच्या जमिनीवर राहायचं आणि हाक आली की जायचं. कायद्याने मुंडकाराला घराचा हक्क दिला आहे. पण त्यासाठी मामलेदाराकडे जाऊन नाव लावावं लागतं, आणि बाबांनी ते कधी लावलं नाही. भाटकाराविरुद्ध कचेरीत जायचं ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. तिकडे मोपाला विमानतळ झाला, जमिनी घ्यायला दिल्लीची माणसं गाड्या घेऊन फिरू लागली, तरी बाबा म्हणायचे, "भाटकार तसो न्हय."

म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा आधी आईला हाक आली. आईचा खांदा उचलून उचलून गेला. हात वर होईना. मग मला पाठवलं. बारावी सायन्सचा निकाल लागला होता आणि मी घरी होते.

पाणी शिंपडायचा नियम म्हातारीनेच घातलेला. ती हिंडत फिरत होती तेव्हा आम्ही आणलेल्या सुपांवरही पाणी मारून ती आत घ्यायची. आता तो नियम तिच्याच पाठीवर पडत होता. मला कधी कधी वाटायचं, भोग आता. पण ती माझं बोट धरून झोपायची. बाय म्हणायची. कोण कोणाचा सूड घेणार? मला तिचा राग येत नसे, आणि राग येत नाही याचा राग यायचा.

ओल्या चादरीवर पडून पडून पाठीची कातडी आधी लाल झाली. मग सोलली. मग तिथे खड्डा पडला. मी एकदाच बोलले, "पाणी नुसतं जमिनीवर शिंपडलं तर?" भाटकारीण म्हणाली, "आता तू आमका शिकयतलंस?" त्यानंतर मी बोलले नाही. रोज पुसायचे, रोज ती शिंपडायची. जखमेला वास येऊ लागला तेव्हा डॉक्टरला बोलावलं. भाटकारीण त्याला माझ्यासमोर म्हणाली, "हीच पाठ ओली ठेवते." चोराच्या उलट्या बोंबा. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी भिंतीला टेकून उभी होते. 

म्हातारीला सरकारी इस्पितळात ठेवलं. सोबतीला अर्थात मी. भेटायच्या वेळेत भाटकारीण आली. तांब्या आणता येत नाही म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत पाणी आणलेलं, पर्समध्ये तुळशीचं पान. मी सवयीने बाजूला झाले. तिने बाटलीचं झाकण काढलं.

पलीकडच्या खाटेवर एक सिस्टर सलाईन लावत होती. बुटकी, साखळी गावाकडची. तिने मान वळवली आणि आवाज न चढवता म्हणाली, "बेडार उदक शिंपडपाचें ना. पाठ सुकी उरूंक जाय."

बस्स. एवढंच.

आणि भाटकारणीने बाटलीचं झाकण लावलं. "हय सिस्टर," म्हणाली. हय सिस्टर! मी तिच्याकडे बघतच राहिले. तीच गोष्ट. मी बोलले तेव्हा उद्धटपणा झाला होता. त्या सिस्टरची जात मला आजही माहीत नाही. भाटकारणीलाही माहीत नव्हती, आणि त्या वॉर्डात ती विचारायची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी मी सिस्टरच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. विचारलं, तुमच्यासारखं व्हायला काय करावं लागतं? ती कामात होती, वर न बघता बोलत होती. तिने सांगितलं, इस्पितळाच्या आवारातच नर्सिंगची शाळा आहे, तिथे ये. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग. पाय मोडतील, रडशील, पण रोगी खरे असतील. परीक्षा झाली की नर्सिंग कौन्सिलात नाव लागेल. मग तू नर्स.

म्हातारी घरी आली आणि पाणी पुन्हा सुरू झालं. मी नर्सिंगचं बोलले तर भाटकाराने चक्क होकार दिला. मला खरं वाटेना. त्याच्या ओळखीच्या माणसाचा म्हापशाला कोर्स होता, सहा महिन्यांचा. मी जाऊन बघून आले. दुकानावरची माडी, दोन खोल्या, एक पलंग, त्यावर प्लास्टिकची बाहुली. बाहुलीचा एक हात निखळलेला. शिकवणाऱ्याला मी विचारलं, यानंतर कौन्सिलात नाव लागतं का? तो म्हणाला, त्याची काय गरज, काम मिळाल्याशी कारण.

भाटकाराला मी म्हटलं, "तिथे रोगीच नाहीत."

तो मनापासून हसला. "रोगी घरात आसा मगे तुझो."

तेव्हा मला सगळं दिसलं. सहा महिने दुपारी जायचं, सकाळ-संध्याकाळ म्हातारी. वर एक कागद आणि पांढरा कोट. तो कोट घालूनही मी मागच्या दारानेच येणार, आणि माझ्यामागून तांब्या येणारच. त्याला त्याच्या आईसाठी बाई हवी होती. बाईला नर्स म्हटलं की त्याचं मन मोठं दिसणार होतं. मी म्हटलं, "मी इस्पितळाच्या शाळेत जाणार."  

दुसऱ्या दिवशी बाबांना हाक आली. बाबा चपला काढून अंगणात उभे राहिले, मी त्यांच्या मागे. भाटकार सोप्यावर बसला होता. तो कधी ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "चेडू जाऊं दे. शिकूं दे. पण माझ्या आवशीक कोण बघतला? आणि तुका घर व्हया मां?"

घर हवं ना, हे ऐकताच बाबांनी हात जोडले. मी त्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. बांबूने चिरलेले हात.   रात्री आईनेच विषय काढला. "तू जा गो. थंय मी जातंय."

तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं. तिला नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं असतं तर मी त्या घरात उरले असते. मी बॅग भरली.

शाळेत मला प्रवेश मिळाला. सिस्टर म्हणाली तसंच निघालं. पाय मोडले. रडले. खरे रोगी, खरा पू, खरं मरण. पहिल्यांदा जेव्हा एका म्हाताऱ्याच्या मुलाला मी म्हटलं, "बेडार उदक मारूं नाका," तेव्हा तो लगेच मागे सरला. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं. आनंद झाला नव्हता. आई आठवली होती. त्या वेळेला ती भाटकाराकडे एका हाताने म्हातारीला वळवत असणार.

चवथीला घरी गेले. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळं आणि सुपारीचे घोस मुंडकाराने आधी भाटकाराला पोचवायचे, ही आमच्याकडची रीत. बाबांनी यंदा दुप्पट नेले होते. भाटकार खूश राहावा म्हणून. सगळं पायरीवर ठेवून, पाणी मारून आत घेतलं गेलं. आमची माटोळी रिकामी रिकामी दिसत होती.

मी आईला चटईवर झोपवून दाखवलं, एका हाताने कूस कशी बदलायची, टॉवेल कसा घडी करून द्यायचा. ती निमूट शिकली. मग म्हणाली, "मी पुसतंय गो. मागसून ती शिंपडता. खड्ड्यात हाड दिसता आता." माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं. आजही नाही.

त्या रात्री मी बाबांना म्हटलं, मामलेदाराकडे अर्ज टाकू, घर आपल्या नावावर लावून घेऊ. बाबा म्हणाले, "मी मेल्यावर कर." भाटकाराकडे वकील आहे. केस चालेल तेवढी चालेल. अर्ज टाकला की दुसऱ्याच दिवशी त्याच्या जमिनीतून जाणारी आपली वाट बंद होईल, हे बाबांना कळतं आणि मलाही कळतं.

बाबांनी सही करायला नकार दिला तर मी रोज विचारणार. सुट्टी संपली तर फोनवर विचारणार. त्यांच्या जोडलेल्या हातांची दया येते म्हणून मी थांबणार नाही. म्हातारीची पाठ मी वाचवू शकले नाही, आईचा खांदाही नाही. पण ते घर भाटकाराच्या हातात आहे तोवर आमच्यातलं कोणी ना कोणी त्या मागच्या दारातून आत जाणार, आणि त्याच्यामागून तांब्या येणार.

कचेरीत अर्ज टाकून तो तांब्या आता खाली ठेवायला लावायचा आहे. बाबा येणार नसतील तर मी एकटी जाईन. पुढच्या दाराने.