घड्याळाच्या पोटातलं कणीस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, आणि दुकानात रोज चहाला येऊन बसणाऱ्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

आजोबांपासून सुरुवात करतो – ते सोपं जातं. इंग्रजांच्या काळात नाशकात घड्याळजी आणि जवाहिऱ्या म्हणून त्यांचं नाव होतं. मुंबईत एका गोऱ्या घड्याळजीच्या हाताखाली शिकले, परत येऊन दुकान थाटलं. एका बाजूला घड्याळं, दुसऱ्या बाजूला अंगठ्या, साखळ्या. देवळालीच्या छावणीतले साहेब टांग्यातून येत. त्यातल्या एकाचं सोन्याचं, खिशात ठेवायचं घड्याळ मुंबईच्या कारागिरांनी हात टेकून परत पाठवलं होतं. ते आमच्या दुकानात चालू झालं, आतल्या चाकाचा केसाएवढा आस हाताने घडवून. साहेब इतका खूश, की विलायतेला जाताना घड्याळच आजोबांना देऊन गेला. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितली जाते. मी घड्याळजी झालो तो तिच्याचपायी.

आता धंद्यातली एक रीत सांगायला हवी. घड्याळ दुरुस्त केलं की घड्याळजी मागच्या झाकणाच्या आतून, सुईच्या टोकाने, आपली खूण ओरखडतो. मालकाला ती कधी दिसत नाही. पुढे कोणी ते उघडेल त्याला कळावं, एवढ्यासाठीच ती असते. आजोबा याबाबतीत भलते कडक – ज्याने काम केलं त्यानेच खूण करायची. त्यांची खूण म्हणजे नावातला ‘ग’. आणि महादूची खूण होती नागलीचं, म्हणजे नाचणीचं, कणीस.

कोण महादू? बघा – इथेच जीभ अडखळते. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरचा माणूस. दुकानात झाडलोट करायला लागला होता. आजोबांची नजर चाळिशीतच अधू झाली, बारीक काम जमेना, तेव्हा त्यांनी त्याच्या डोळ्याला भिंग लावून शेजारी बसवलं. तो म्हातारा होईपर्यंत तिथेच बसला. हे मला वडिलांनी सांगितलं. नसतं सांगितलं तरी कळलंच असतं, कारण इतक्या वर्षांत माझ्याकडे जी जी जुनी, अवघड घड्याळं आली, त्यांच्या पोटात ते इवलंसं, पंजासारखं कणीस होतं. ‘ग’ क्वचितच. आजोबांनी गिऱ्हाइकांना खरं सांगितलं नसेल, पण झाकणाच्या आत ते खोटं वागले नाहीत. मी वागलो.

दुकानाला शंभर वर्षं झाली तेव्हा मी आजोबांचं चरित्र लिहिलं. छोटंसंच पुस्तक. इंदिरानगरच्या एका सभागृहात प्रकाशन, आणि साहेबाचं घड्याळ तिथे काचेच्या पेटीत, झाकण उघडून ठेवायचं ठरलं. मी झाकण उघडलं. आत कणीस. मला हे आधी माहीत नव्हतं का? होतं. विशीतच पाहिलं होतं. तरीही तो आस आजोबांनी कसा घडवला यावर मी चार पानं खर्ची घातली होती – त्यांच्या कपाळावरच्या घामासकट! एखाद्या जाणत्याने विचारलं, ही खूण कोणाची, तर? मी सोन्याला चकाकी आणायची लाल पूड घेतली, फडकं घेतलं आणि दुपारभर घासत बसलो. कणीस गेलं. हात जरासुद्धा थरथरला नाही, याची आज मला जास्त लाज वाटते.

समारंभ छान झाला. पेपरात घड्याळाचा फोटो आला.

महिन्याभराने हिराबाई आली. साठीची बाई, सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आधी जीप, मग एसटी करून आलेली. महादूची नात. पिशवीत पेपरचं कात्रण.

“आमचा आजा हितं घड्याळं दुरुस्त करायचा,” ती म्हणाली. “घड्याळाच्या पोटात नागलीचं कणीस काढतो, आसं सांगायचा. गावात कोनी खरं मानलं नाय. म्हनत, तू तं झाडू मारत व्हता. तेवढी खूण पाह्याला आले.”

बस, एवढंच. पुस्तकात नाव घाला म्हणाली नाही, काही मागितलं नाही. आणि त्या क्षणी, माझ्या गुडघ्याला लागून असलेल्या खणात, एका गिऱ्हाइकाचं दुरुस्तीला आलेलं घड्याळ होतं. त्यात कणीस होतं – लख्ख. खण ओढायचा, झाकण उघडायचं. किती वेळ लागतो याला? पण मग ती विचारणार, साहेबाच्या घड्याळात का नाही?

मी उठलो. कपाटातून साहेबाचंच घड्याळ काढलं, झाकण उघडलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

“बघा ताई,” मी म्हणालो, “काही नाहीये.”

तिने खूप वेळ पाहिलं. डोळा बदलून पाहिलं. मग भिंग जपून फडक्यावर ठेवलं.

“मंग आजा खोटंच सांगायचा,” ती म्हणाली. “आम्ही लहान व्हतो, आम्हाला खरं वाटायचं.”

कात्रण तिने घडी करून पिशवीत ठेवलं. माझा वेळ घेतला म्हणून दोनदा माफी मागितली. मी म्हणालो, असू द्या.