विश्रांतीच्या आठवड्यातली झोडणी

निवड चाचणीला तीन दिवस उरले असताना मी शेजारच्या काकूंच्या खळ्यावर भात झोडायला उभा राहिलो. कुणी बोलावलं नव्हतं.

त्याआधीचे पाच महिने मी शहाण्यासारखा वागलो होतो. आदल्या वर्षी मुरबाडच्या चाचणीत जिल्ह्याच्या तिरंदाजी संघातली चौथी जागा थोडक्यात हुकली होती. शेवटच्या फेरीत धनुष्य धरलेला डावा हात दमायचा आणि बाण खाली पडायचे. म्हणून आमच्या सरांनी, म्हणजे निवृत्त कवायत मास्तरांनी, मला ताकद कमवायला लावली. दोरी हनुवटीपर्यंत ओढायची, तीस आकडे मोजेपर्यंत धरायची, बाण न सोडता परत न्यायची. असं दहा वेळा. मग सारवलेल्या ओटीवर कोपरांच्या आधाराने फळीसारखं ताठ राहायचं. येणारेजाणारे बायकोला विचारायचे, "काय गो, पाठ धरली का त्याची?"

शेवटच्या आठवड्यात सर म्हणाले, "आता काय करायचं नाय. पाण्याची कळशीपण उचलायची नाय. खांद्यांना निजू दे."

काही न करणं मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. दोन दिवस ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर. सायकलीत हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी शेजारून झोडणीची धपधप सुरू झाली आणि माझे हात शिवशिवायला लागले. वाटलं, दहा पेंढ्या आपटू, अंग मोकळं होईल. शेवटी पाठच लागते ना, तिथेही आणि धनुष्यालाही?

काकूंनी मला वरखाली बघितलं. "उभा राह्यतोस तर रास व्हईपर्यंत राह्यचं. मधून सुटायचं नाय."

आमच्या शेणवे गावात सावडीने झोडतात, आज यांचं, उद्या त्यांचं. एकदा पेंढ्या आपटायच्या फळीशी जागा घेतली की खळं संपेपर्यंत कुणी हलत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी पहिली पेंढी आपटली. विसाव्या पेंढीला चूक कळली. त्यापुढे भारेच्या भारे पडले होते.

चाचणीच्या सकाळी किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाडला जाताना मोटारसायकलचा क्लच दाबला तरी खांद्यातून कळ यायची. पहिल्याच फेरीत डावा हात थरथरायला लागला. चौथी जागा राहू दे, मी नववा आलो. सरांनी माझ्या खांद्यात अंगठा रुतवला. मी कळवळलो.

"काय उचललंस?"

"काय नाय." खोटं नव्हतं. मी आपटलं होतं.

घरी आलो तर काकू म्हशीला पेंढा घालत होत्या. "काय झालं रे?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, आणि त्यांच्या भातापायी माझी जागा गेली हेही हळूच सरकवलं. काकूंनी पेंढा झटकला. खाली दाणे सांडले.

"तुझी जागा गेली तर गेली. माझं निम्मं भात पेंढ्यातच ठेवलंस. तुझ्यावर खूश हाय ती ही म्हैस तेवढी."