पुढच्या ओळीतले आतोबा

उभं कुठं राहावं आणि बसावं कुठं, हे पक्कं कळलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि ते कळल्यामुळंच त्या माणसाला अख्ख्या जन्मात एक कुस्ती धड बघायला मिळाली नाही. हा माणूस म्हणजे आमच्या आत्याचे यजमान, पिंपळवंडीचे आतोबा; आमचं ऐकून सगळा मुलूखच त्यांना आतोबा म्हणायचा. देवानं त्यांना उंची देताना हात जरासुद्धा आखडता घेतला नव्हता. गावातल्या एकूण एक चौकटीला त्यांच्या कपाळाची ओळख होती. त्या उंचीवर पुन्हा फेटा. दुसरा कुणी असता तर एवढ्या अंगलोटावर छाती काढून मिरवला असता. आतोबा मात्र चालताना वाकायचे, बोलताना वाकायचे आणि चार माणसं जमली की आधी मागं वळून बघायचे. आपल्या मागं कुणीतरी आहे आणि आपल्यामुळं त्याला पुढचं दिसत नाही, ही धास्ती त्यांच्या जिवाला कायमची चिकटली होती. कीर्तनाला ते खांबामागं बसायचे. बुवा दिसायचे नाहीत, खांब मात्र त्यांना तोंडपाठ झाला होता. लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, सगळा मांडव उभा राहिला, की आतोबा तेवढे खाली बसायचे. एकदा ओतूरच्या एका लग्नात त्यांना भोवळ आली असं समजून बायकांनी त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं आणि नाकाला कांदा लावला. आत्या तर सांगायची की स्वतःच्या लग्नातसुद्धा अंतरपाट धरल्यावर हा नवरदेव गुडघ्यात वाकून उभा होता. भटजी करवादले, "अहो, सरळ उभे राहा!" तर नवरदेव म्हणतात कसे, "मागं बाया हाईत, काका."

अशा माणसाला नाद कशाचा असावा? तर कुस्त्यांचा. विसावं शतक नुकतंच कुठं उजाडलं होतं, पण आमच्या भागात त्याची खबर पोचायची होती. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू व्हायच्या, देवाच्या पालखीपाठोपाठ कुस्त्यांचा फड रंगायचा आणि हलगीचा आवाज कानावर आला की आतोबा हातातला नांगर सोडून चालायला लागायचे. फडात पोचले की मात्र त्यांची पंचाईत व्हायची. कारण फडात बसण्याउठण्याची एक रीत असते. पुढच्यानं मांडी घालायची, त्यामागच्यानं गुडघ्यावर टेकायचं, त्याच्या मागच्यानं उभं राहायचं, आणि त्याच्याही मागं बैलगाड्या सोडून त्यावर लोक बसायचे. रीत सोपी आहे. पण ती बेतानं वाढलेल्या माणसांसाठी. आतोबा पुढं मांडी घालून बसले तरी मागच्या गुडघ्यावरच्या माणसाला झाकायचे. मागं उभे राहिले तर गाडीतले लोक ओरडायचे. मधल्या लोकांत गेले तर त्यांच्यामागं ओळभर माणसं माना तिरक्या करून बसायची. येडगावच्या यात्रेत त्यांना एकदा देवळाची भिंत सापडली. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तर मागं कुणी असणारच नाही, या विचारानं त्यांना केवढं सुख झालं! कुस्ती ऐन रंगात आली आणि वरून आवाज आला, "ओ पावणं, फेटा काढा की जरा." भिंतीवर माणसं चढून बसली होती. आतोबांनी फेटा काढून काखेत मारला. थोड्या वेळानं पुन्हा आवाज, "आता टकलावर ऊन चमकतंय, डोळं दिपत्यात." तेव्हा ते तिथून निघाले आणि हलगीवाल्यांच्या पाठीमागं सावलीला जाऊन बसले. बाकीच्या कुस्त्या त्यांनी हलगीच्या आवाजावरून बघितल्या, आणि घरी येऊन आत्याला त्या डावासकट सांगितल्या.

दुसरा कुणी मध्येच उभा राहिला तर मात्र त्यांना सोसायचं नाही. पण रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते पुढच्याच्या धोतराला हळूच हात लावून म्हणायचे, "पावणं, तुमचं बघून झालं असंल तर मागचे थोडं बघत्याल." यावर कित्येक जण खरोखर ओशाळून खाली बसायचे. काही जण धोतर सोडवून घेऊन त्यांच्या अंगावर यायचे, आणि मग आतोबाच त्यांची माफी मागायचे.

या माणसाच्या पोटी सखाराम जन्माला आला आणि पैलवान झाला. बापाची उंची आणि आईचा हट्ट, दोन्ही त्यानं उचललं होतं. जुन्नर ते घोडेगाव त्याचं नाव व्हायला लागलं होतं, आणि त्यातच एका फडात त्याचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो बसवून दिला, पण आत्याच्या काळजाचा खांदा काही बसला नाही. पुढच्या चैत्रात घोडेगावच्या यात्रेतली शेवटची, मानाची कुस्ती सखारामची लागली. मी तेव्हा घोडेगावला महालकऱ्यांच्या कचेरीत कारकून होतो, म्हणून हे दोघं बापलेक माझ्याकडंच उतरले.

आता आमच्याकडच्या फडाचा एक रिवाज सांगायला हवा. मोठ्या कुस्तीला प्रत्येक पैलवानाचं एक वडीलधारं माणूस पुढच्या ओळीत, पंचांच्या समोर बसतं. ते बसलेलं आहे तोवर कुस्ती चालायची. ते उभं राहिलं, की 'आमचा गडी सोडवा' असा त्याचा अर्थ. तोंडानं बोलायचं नाही, फेटा टाकायचा नाही. नुसतं उभं राहायचं. पंच कुस्ती सोडवतात आणि ज्याचं माणूस उठलं त्याची हार धरतात. हे काम एरवी वस्ताद करतात, कारण त्याला छाती लागते. त्या वर्षी सखारामचे वस्ताद तापानं अंथरुणाला खिळलेले. तेव्हा ते काम आलं बापाकडं. घरून निघताना आत्या एवढंच म्हणाली होती, "अवं, जिंकू द्या नायतर हरू द्या. त्याचा उजवा हात तेवढा बघा. मला लेकरू धड पायजे." आणि बैलगाडीत सखाराम म्हणाला होता, "आबा, काय बी झालं तरी उठायचं न्हाई. उठलात तर मला गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई." आतोबा दोघांनाही 'बरं' म्हणाले होते.

सकाळी त्यांनी भाकरीला हात लावला नाही. फडात त्यांना पुढच्या ओळीत नेऊन बसवलं तेव्हा त्यांना भीतीनं घेरलं होतं. अर्धी भीती पोराच्या हाताची आणि अर्धी मागच्या लोकांची. त्यांनी पंचांना हाक मारून विचारलं, "जरा ईतभर खड्डा खणून त्यात बसू का? मागच्यांना दिसंल." पंच म्हणाले, "आतोबा, फडाची माती हाय ही, तुमचं वावर न्हाई." तरी पंचांची पाठ वळल्यावर त्यांनी बसल्या जागची माती हातानं उकरायला घेतलीच. मी बरोब्बर त्यांच्या मागं होतो. मला म्हणाले, "भाऊ, दिसतंय न्हवं?" मी हो म्हणालो. दिसत होती ती त्यांची पाठ.

तेव्हा ती कुस्ती मी आतोबांच्या पाठीवर बघितली, असंच म्हणायला हवं. शड्डू ठोकल्याचे आवाज आले, पाठ ताठ झाली. हलगी घुमायला लागली. पाठ डावीकडं कलली, म्हणजे सखारामनं पायाला हात घालून पट काढला असावा. लोक 'वाहवा' म्हणाले आणि पाठ थोडी सैल पडली. बराच वेळ असं चाललं. ऊन तापलं. मग एकाएकी हलगी चढली आणि सगळा फड एका आवाजात "हां! हां!" करायला लागला. मी मान काढून बघितलं. घोडेगावच्या गड्यानं सखारामला खाली दाबून त्याचा हात पाठीवर मुरगळत नेला होता. उजवा हात.

आतोबा उठले. पुरते नाही, अर्धेच. तेवढ्यात मागून कुणीतरी खेकसलं, "ए उंटा, खाली बस की!" आणि आतोबा बसले. नुसते बसले नाहीत. मागं वळून हात जोडून "चुकलं राव, चुकलं" म्हणाले. जन्माची सवय होती ती, तिच्यापुढं पोटचा पोरसुद्धा क्षणभर मागं पडला. पंचांनी त्यांना अर्धं उठताना बघितलं होतं, ते पुढंही आले होते. पण माणूस परत बसला म्हटल्यावर ते थांबले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी ओरडून उपयोग नव्हता. उभं राहायचं होतं ते त्यांनीच. तेवढ्यात सखारामच्या तोंडून एक आवाज निघाला. मोठा नव्हता. लहान मूल झोपेत कण्हतं, तसा.

आणि आतोबा उभे राहिले. मी त्यांना एवढं सरळ उभं कधीच बघितलं नव्हतं. सगळा फड खवळला. "बसा! बसा खाली!" कुणी रेवड्या फेकल्या, कुणी ढेकळं, कुणाचं तरी पायताण येऊन त्यांच्या पाठीवर लागलं. मागच्या लोकांना रिवाज आठवला नाही. त्यांच्या लेखी ऐन मोक्याला एक उंच माणूस आडवा आला होता. पंचांनी लांबूनच विचारलं, "आतोबा, उभं ऱ्हायचंय का बसायचंय, एकदा नक्की करा." आतोबांनी मागच्या लोकांकडं तोंड केलं, हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाले, "माफ करा, राव. तुमाला कुणालाच दिसंना झालंय, लई चुकतंय माझं. पण आता बसत न्हाई." पंचांनी कुस्ती सोडवली.

सखाराम अंगावरची माती न झाडता बापापुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी निसटतच व्हतो." एवढं बोलून तो निघून गेला. जुन्नरच्या हाडवैद्यानं खांदा चाचपून सांगितलं, "आणखी एक हिसका बसता, तर हात कायमचा कामातनं गेला असता." सखारामनं ते भिंतीकडं बघत ऐकलं. त्यानंतर वर्षभर तो बापाशी बोलला नाही. एका घरात दोघं, एका तव्यावरची भाकरी खायचे, आणि सगळा कारभार आत्याच्या तोंडून. "आये, त्यास्नी सांग, बैलं पाणी पिऊन आली." बैल आलेले आतोबांना समोर दिसत असायचे, तरी ते आत्यानं सांगेपर्यंत थांबायचे.

ते वर्ष आतोबांनी कसं काढलं, देव जाणे. पोराची माफी मागायचा धीर होत नव्हता, म्हणून ते बाकी सगळ्यांची मागत सुटले. घोडेगावचा माणूस भेटला की, "त्या दिशी तुमी माझ्या मागं व्हता का?" तो नाही म्हणाला तरी माफी मागून मोकळे. एकदा आठवड्याच्या बाजारात त्यांनी कापडाच्या दुकानातल्या जैन शेठजींना गाठलं. शेठजींचं घराणं मारवाडातून इथं येऊन मुरलेलं, बोलणं आमच्यासारखंच. पण त्या गृहस्थांनी जन्मात कुस्तीचा फड बघितला नव्हता. आतोबांनी सगळी हकीगत सांगून हात जोडले. शेठजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं आतोबा, मी माफ केलं. माझ्यामागं गिऱ्हाईक उभं आहे, त्याला तेवढं दिसू द्या." आतोबा घाईघाईनं बाजूला झाले, आणि मग मला विचारत बसले, की शेठजी मनापासून बोलले असतील का.

पुन्हा चैत्र आला. सखारामचा खांदा भरून आला होता, घोडेगावात त्याच गड्याशी जोड ठरली होती, आणि वस्तादही आता ठणठणीत होते. आदल्या दिवशी मी पिंपळवंडीला होतो. आतोबांनी येत नसल्याचं आत्याकडून आधीच कळवलं होतं. ते अंगणात दाव्याला पीळ घालत बसले होते. सखाराम ओसरीवर आला आणि म्हणाला, "आबा, उद्या पुढं तुमी बसा."

आतोबांच्या हातातलं दावं तसंच राहिलं. "वस्ताद हाईत की."

"वस्ताद कुस्ती बघत्यात. तुमी मला बघता." मग जमिनीकडं बघत तो म्हणाला, "खाली दाबलं, की मला काय बी समजत न्हाई. पर तुमी बसल्यालं दिसलात, म्हंजी अजून माझं बरं चाललंय, एवढं कळतं. उठावं वाटलं तर उठा. मी काय म्हणायचो न्हाई."

आतोबा उठून आत गेले. मी बघितलं, तर कोनाड्याकडं तोंड करून उभे होते आणि आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्यानंतर पुष्कळ वर्षं ते पुढच्या ओळीत बसले. फेटा मांडीवर, दोन्ही मुठीत माती. सखाराम जिंकला, हरला, रक्तबंबाळ झाला. ते उठले नाहीत. एका थंडीत मात्र ते जे अंथरुणाला लागले, ते थोड्या दिवसांत गेलेच. त्या चैत्रातही सखारामची जोड लागली होती. हलगी वाजत होती. सखारामनं अंगाला माती लावली, मैदानात उतरला आणि पुढच्या ओळीकडं बघितलं. तिथं वस्ताद बसले होते. त्यानं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि वस्तादांच्या पायाला हात लावून म्हणाला, "आज नको. माझं बरं चाललंय का न्हाई, ते मला कळायचं न्हाई."

सखारामनं अंगरखा चढवला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. पंचांनी दुसरी जोड पुकारली. तो पुन्हा कधी मैदानात उतरला नाही.